एकविसाव्या लेव्हलची तयारी: डी अँड डी ३.५ च्या एपिक नियमांची पहिली ओळख

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या ३.५ आवृत्तीत पात्र विसाव्या लेव्हलला पोचलं की मूळ पुस्तकातले तक्ते संपतात. पुढचा खेळ चालतो तो एपिक नियमांवर. हे नियम २००२ मध्ये 'एपिक लेव्हल हँडबुक'मध्ये आले, आणि पुढे ३.५ ला जुळवून घेऊन एसआरडी या खुल्या परवान्याच्या नियमसंचात सामील झाले. त्यामुळे ते इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतात. बंद पडलेलं जुनं पुस्तक चढ्या भावाने मागवायची गरज नाही.

उंच लेव्हलचा प्रश्न प्रत्येक आवृत्तीने आपापल्या परीने सोडवला आहे. १९८५ च्या मास्टर सेटने छत्तिसाव्या लेव्हलवर दोरी ओढली. चौथ्या आवृत्तीत २१ ते ३० हा वेगळा टप्पाच आहे. पाचव्या आवृत्तीत लेव्हल वीसला थांबते. ३,५५,००० एक्सपीच्या (अनुभवाच्या गुणांच्या) पुढे दर ३०,००० ला डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) एखादं वरदान देऊ शकतो. ३.५ मध्ये मात्र वर छप्परच नाही. म्हणून त्याचे नियम सगळ्यांत भरगच्च, आणि मोडायलाही सगळ्यांत सोपे.

पुढे एक डीएम आणि चार खेळाडू गृहीत धरले आहेत, आणि सगळे निदान दहाव्या-बाराव्या लेव्हलपर्यंत खेळलेले. नियम पाठ नसले तरी चालेल. बेरीज-वजाबाकीचा कंटाळा असेल तर मात्र या वाटेला न गेलेलं बरं.

आधी हे डोक्यात बसवा: फाशाला बाजू वीसच

एपिक नियमांतल्या बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतात. त्यांचं मूळ एकच आहे. विसाव्या लेव्हलला फायटरचा (योद्ध्याचा) बेस अटॅक बोनस, म्हणजे हल्ल्याच्या फाशात मिळवायचा आकडा, २० असतो आणि विझर्डचा (जादूगाराचा) १०. तसंच चालू ठेवलं तर चाळिसाव्या लेव्हलला हे आकडे ४० आणि २० होतील. फरक वीसचा, आणि फाशाला बाजू वीस. मग ज्या राक्षसाला मारायला फायटरला मध्यम रोल पुरतो, त्याला विझर्ड नैसर्गिक २० शिवाय स्पर्शही करू शकत नाही. आणि जो विझर्डला मध्यम वाटतो, त्यावर फायटर फक्त १ पडला तरच चुकतो. दोघांसाठी फासा टाकणं नुसता उपचार उरतो.

म्हणून विसाव्या लेव्हलला बेस अटॅक आणि बेस सेव्ह (संकटातून वाचायच्या रोलचा बोनस) गोठवतात. त्यानंतर दर विषम लेव्हलला (२१, २३, २५...) सगळ्यांना सारखाच +१ एपिक अटॅक बोनस आणि दर सम लेव्हलला (२२, २४...) सगळ्या सेव्हवर सारखाच +१. चाळिसाव्या लेव्हलला फायटर ३० वर, विझर्ड २० वर. दहाचा फरक दहाच राहतो.

पुढे कुठलाही निर्णय घेताना, फीट (पात्राचं खास कसब) निवडताना, वस्तू विकत घेताना, राक्षस उभा करताना, एकच प्रश्न विचारा: यानंतर फासा टाकण्यात अर्थ उरतो का?

पहिली पायरी: विसाव्याच्या आधीच पाहा

बेस अटॅक गोठतो तो पहिल्या वीस लेव्हलवर. त्यामुळे कुठला क्लास आधी घेतला याला कायमचं महत्त्व येतं. दोन पात्रं घ्या. एक आधी २० लेव्हल फायटर आणि मग २० लेव्हल विझर्ड. दुसरं उलट्या क्रमाने. दोघंही चाळिसाव्या लेव्हलला, क्लास तेच. पण पहिल्याचा अटॅक ३० आणि फुल अटॅकमध्ये (पूर्ण पाळी वार करण्यात घालवली तर) चार वार. दुसऱ्याचा २० आणि दोनच वार, कारण वारांची संख्या बेस अटॅकवर ठरते आणि एपिक बोनस त्यात धरत नाहीत. ज्यांना दोन क्लास मिसळायचे आहेत त्यांनी लढाऊ क्लासच्या लेव्हल विसाच्या आत उरकून घ्याव्यात. एकविसाव्या लेव्हलला हे लक्षात आलं तर काही करता येत नाही.

दुसरा खड्डा स्किल रँकचा, म्हणजे कौशल्यात घातलेल्या पॉइंटचा. एपिक स्पेलकास्टिंग हे फीट घ्यायला नवव्या दर्जाचं स्पेल (मंत्र) टाकता यावं लागतं, शिवाय स्पेलक्राफ्टचे २४ रँक आणि विझर्डला नॉलेज (आर्काना)चे २४ रँक लागतात. क्लेरिकला त्याऐवजी नॉलेज (रिलिजन)चे, ड्रुइडला नॉलेज (नेचर)चे. क्लास स्किलमध्ये कमाल रँक म्हणजे लेव्हल अधिक तीन. २१ व्या लेव्हलला कमाल बरोबर २४, आणि सर्वांना मिळणारं फीटही २१ व्या लेव्हललाच. गणित अगदी काठावर जुळतं: २१ व्या लेव्हलचे पॉइंट वाटल्यावर दोन्ही स्किलमध्ये २४-२४ रँक झाले तरच. एकातही मागे असलात तर पुढचं सर्वांसाठीचं फीट थेट २४ व्या लेव्हलला.

विझर्डला हे जड जात नाही, त्याच्याकडे बुद्धी भरपूर. मरण क्लेरिकचं. इंटेलिजन्स १० असेल तर त्याला लेव्हलमागे दोनच पॉइंट मिळतात, आणि ते दोन्ही या दोन स्किलमध्येच जातात; कॉन्सन्ट्रेशनसाठी काही उरत नाही. मनुष्य क्लेरिकला लेव्हलमागे एक पॉइंट जादा मिळतो, तो इथे कामी येतो.

दुसरी पायरी: एकविसावी लेव्हल कागदावर

२१ व्या लेव्हलला एकूण २,१०,००० एक्सपी लागतात (विसाव्याला १,९०,००० होते). या क्रमाने भरा:

१. नेहमीप्रमाणे हिट डाय टाका, कॉन्स्टिट्यूशनचा बोनस मिळवा. हे कधीच गोठत नाही.

२. बेस अटॅक आणि बेस सेव्हच्या रकान्यांना हात लावू नका. शेजारी 'एपिक' असा नवा रकाना काढा आणि त्यात अटॅकसाठी +१ लिहा. फायटरचे चार वार +२०/+१५/+१०/+५ चे +२१/+१६/+११/+६ होतात. पाचवा वार येत नाही.

३. स्किल पॉइंट वाटा. कमाल आता २४.

४. फीट निवडा. हे स्किलनंतरच करायचं, नाहीतर वरची २४ ची अट पूर्ण झालेली दिसणार नाही. पुढची फीट दर तीन लेव्हलला, ॲबिलिटीचा +१ मात्र आता २४ आणि मग दर चार लेव्हलला.

५. क्लासची बोनस फीट वेगळी: फायटरला २२ पासून दर दोन लेव्हलला, विझर्डला २३ पासून दर तीन लेव्हलला.

६. स्पेलच्या दैनिक जागा वाढत नाहीत. कास्टर लेव्हल (स्पेलची ताकद ठरवणारी लेव्हल) वाढते. नव्या जागा हव्या असतील तर इम्प्रूव्ह्ड स्पेल कपॅसिटी हे फीट घ्यावं लागतं. त्यातून दहाव्या दर्जाची जागा मिळते. दहाव्या दर्जाची साधी स्पेल अस्तित्वातच नाहीत, ती जागा मेटामॅजिक (दर्जा चढवून स्पेल बदलणारी फीट) लावलेल्या खालच्या स्पेलसाठी: सहाव्या दर्जाचं स्पेल क्विकन (चार दर्जे चढवून झटपट) केलं की बरोबर दहावर बसतं.

फीट निवडताना नवखे खेळाडू एपिक प्राउएसकडे धावतात. सगळ्या अटॅकवर +१. म्हणजे फाशाची एक बाजू. एपिक विल घेतलं तर विल सेव्हवर +४, चार बाजू, आणि फायटरचा जीव जातो तो बहुतेक वेळा विल सेव्हवरच. डेव्हस्टेटिंग क्रिटिकल हे फीट मात्र डीएमने सरळ बंद करावं. क्रिटिकल (वर्मी लागलेला वार) बसला की फॉर्टिट्यूड सेव्ह, चुकला तर मृत्यू. फाल्शनला इम्प्रूव्ह्ड क्रिटिकल जोडलं की १५ ते २० धोक्याचा पट्टा होतो. चारही वार लागण्याजोगे असतील तर त्यातला निदान एक त्या पट्ट्यात पडण्याची शक्यता ७६ टक्के. मग डीएम क्रिटिकल न लागणारे मृतात्मे आणि यंत्रपुतळेच आणू लागतो आणि खेळाची चव जाते.

तिसरी पायरी: पैसा

२१ व्या लेव्हलच्या पात्राची ठरावीक मालमत्ता ९,७५,००० सुवर्णनाणी (२० व्याला ७,६०,०००). ऐकायला प्रचंड, पण एपिक वस्तूंच्या किमती पाहिल्या की जीव दडपतो. +५ च्या वर गेलेलं शस्त्र एपिक ठरतं आणि किंमत दहापट होते. +५ तलवारीच्या जादूचे ५०,०००. +६ चे ७,२०,०००. एका आकड्यासाठी चौदापटीहून जास्त. चिलखतात +६ चे ३,६०,०००. जादूगाराचे +८ ब्रेसर्स ऑफ आर्मर ६४,००० ला मिळतात, +९ चे ८,१०,०००.

त्यात आणखी एक अडचण, जी बरेच डीएम विसरतात: नियमांप्रमाणे सगळ्यांत मोठ्या महानगरातही एका वस्तूच्या किमतीची मर्यादा १,००,००० नाणी आहे. +६ तलवार दुकानात मिळतच नाही. ती बनवून घ्यावी लागते, शोधावी लागते किंवा दुसऱ्या मितीतल्या बाजारात जाऊन सौदा करावा लागतो. याकडे अडचण म्हणून पाहू नका. दोन-तीन सत्रांचं कथानक इथून फुकट मिळतं.

खरेदीचा साधा क्रम: आधी एपिक नसलेल्या सगळ्या स्वस्त गोष्टी पूर्ण करा. मुख्य ॲबिलिटीसाठी +६ ची वस्तू (३६,०००), मग त्याच ॲबिलिटीचा +५ चा ग्रंथ (१,३७,५००), सेव्हसाठी +५ क्लोक (२५,०००). एपिक वस्तूचा विचार त्यानंतर. तोही 'डीआर/एपिक' (एपिक नसलेल्या शस्त्राचं नुकसान कमी करणारं संरक्षण) असलेला शत्रू समोर दिसत असेल तरच.

चौथी पायरी: पहिलं एपिक स्पेल

खेळाडूंना सगळ्यांत जास्त उत्सुकता याचीच असते आणि मोहिमा बुडतात त्याही बहुधा इथेच. एसआरडीत नमुन्याची तयार एपिक स्पेल आहेत, पण खरी गंमत स्वतः बनवण्यात.

पद्धत अशी. एकूण २४ 'सीड' (स्पेलची बीजं) आहेत, प्रत्येकाला मूळ डीसी (रोलने गाठायचा आकडा): आर्मर १४, एनर्जी १९, स्ले २५, डिस्ट्रॉय २९. सीड निवडायचं, त्यावर हवे ते फेरफार चढवायचे, प्रत्येक फेरफाराने डीसी वाढतो. मग डीसी कमी करणाऱ्या सवलती वजा करायच्या. उरलेला अंतिम डीसी दोन ठिकाणी लागतो. एक, स्पेल विकसित करायचा खर्च: डीसी गुणिले ९,००० नाणी, दर ५०,००० नाण्यांमागे एक दिवस, आणि नाण्यांच्या पंचविसाव्या भागाइतके एक्सपी. दोन, प्रत्येक वेळी स्पेल टाकताना त्या डीसीवर स्पेलक्राफ्टचा रोल. चुकला तर स्पेल फुकट आणि दिवसातली ती जागाही गेली. दिवसाला जागा किती, तर नॉलेजचे रँक भागिले दहा: २४ रँकला दोन.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. विझर्ड, २१ वी लेव्हल. इंटेलिजन्स सुरुवातीला १६, लेव्हलचे ५, ग्रंथाचे ५, हेडबँडचे ६, एकूण ३२, मॉडिफायर +११. स्पेलक्राफ्ट: २४ रँक, ११ मॉडिफायर, नॉलेजमुळे मिळणारे २; एकूण ३७.

त्याला हवंय दिवसभर टिकणारं जादूचं चिलखत. आर्मर सीड: डीसी १४, चोवीस तास, +४. प्रत्येक वाढीव +१ ला डीसीत २. एकूण +२० हवं तर १६ पॉइंट वाढवायचे, म्हणजे ३२. अंतिम डीसी ४६. एसआरडीतलं एपिक मेज आर्मर नेमकं हेच आहे.

रोलचं काय? सकाळी शांतपणे टाकताना टेक १० (फासा न टाकता १० पडले असं धरणं) घेता येतं: ३७ अधिक १०, म्हणजे ४७. डीसी ४६. कधीच चुकत नाही. लढाईच्या मध्यात मात्र टेक १० नाही. शिवाय सगळ्या सीडचा मूळ वेळ एक मिनिट, म्हणजे दहा राउंड. तो एका ॲक्शनवर आणायचा तर डीसीत २० ची भर. सुरुवातीला सकाळी टाकून ठेवायचीच स्पेल बनवा, हल्ल्याची नकोत.

खर्च: ४६ × ९,००० = ४,१४,००० नाणी, ९ दिवस, १६,५६० एक्सपी. नवखे इथे अडकतात. एक्सपी खर्चून लेव्हल खाली येऊ देता येत नाही. २१ व्या लेव्हलला पात्राकडे २,१०,००० एक्सपी. म्हणजे २,२६,५६० जमेपर्यंत हे स्पेल बनवताच येणार नाही, आणि २२ वी लेव्हल २,३१,००० ला. मधली खिडकी ४,४४० एक्सपीची. ती हुकली तर २२ वी लेव्हल लागल्यावर पुन्हा पहिल्यापासून जमवाजमव. खेळाडूला हे आधीच सांगा. नाहीतर फीट घेऊन तो पाच-सहा सत्रं नुसता बसून राहील.

आता सवलती. वेळ वाढवला तर दर मिनिटाला डीसी २ ने कमी. पाच मिनिटं वाढवा: डीसी ३६, खर्च ३,२४,०००, ७ दिवस, १२,९६० एक्सपी. सकाळच्या पाच मिनिटांच्या बदल्यात ९०,००० नाणी वाचली. हे चोख आहे, कुणाची हरकत नसावी.

भानगड आहे मदतनिसांची. दुसऱ्या जादूगाराने स्वतःची एक जागा खर्च केली तर पहिल्या दर्जाच्या जागेला डीसी १ ने कमी, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ५, असं करत नवव्याला १७. नवव्या दर्जाचे दोन मदतनीस आणले की आपलं ४६ चं स्पेल १२ वर येतं: १,०८,००० नाणी, ३ दिवस, ४,३२० एक्सपी. लीडरशिप फीटमधून आलेले अनुयायी, बोलावलेले देवदूत, सिम्युलॅक्रम (जादूने बनवलेल्या प्रतिकृती) यांची रांग लावली की डीसी शून्य, खर्चही शून्य. मग तेच तंत्र '+१०० चिलखत' लाही चालतं. फाशाचा प्रश्नच मिटला.

नियमातच म्हटलंय की प्रत्येक एपिक स्पेलला डीएमची मंजुरी लागते. ती मंजुरी कशावर द्यायची हे मोहीम सुरू होण्याआधी लिहून टाका. आमच्या मते दोन ओळी पुरतात: सगळ्या सवलती मिळून मूळ डीसीच्या निम्म्याहून जास्त घट होणार नाही, आणि मदतनीस फक्त खेळाडूंचीच पात्रं, अनुयायी किंवा बोलावलेले जीव नाहीत. या दोन ओळींनी नव्वद टक्के भांडणं टळतात.

पाचवी पायरी: चाचणीची लढाई

पहिल्याच सत्रात एपिक राक्षस आणू नका. एट्रोपल सीआर (राक्षस किती अवघड त्याचा आकडा) ३० चा, हेकाटोनकिरीज सीआर ५७ चा. यांचे नुसते आकडे वाचण्यात डीएमची संध्याकाळ जाईल. साध्या यादीतला टॅरास्क घ्या. सीआर २०, एसी (वार लागायला गाठायचा आकडा) ३५, हिट पॉइंट ८५८, स्पेल रेझिस्टन्स (स्पेल लागू पडायला गाठायचा आकडा) ३२, डीआर १५/एपिक, दर राउंडला ४० रीजनरेशन. उंच लेव्हलच्या खेळाचे बहुतेक धडे या एकाच प्राण्यात सापडतात.

फायटर समजा असा: स्ट्रेंग्थ ३०, +५ ग्रेटसोर्ड, वेपन फोकसची दोन आणि स्पेशलायझेशनची दोन फीट. वार +३८/+३३/+२८/+२३, प्रत्येकी सरासरी ३१ नुकसान. एसी ३५ विरुद्ध पहिले दोन वार फक्त १ पडला तरच चुकतात, तिसऱ्याला ७ लागतात, चौथ्याला १२. सरासरी ३.०५ वार लागतात. पण डीआर प्रत्येक वारातले १५ खातो, उरतात १६. राउंडला साधारण ४९ नुकसान, त्यातले ४० तो भरून काढतो. निव्वळ नऊ. दोन-तीन राउंडनंतर खेळाडू हताश होऊन डीएमकडे बघतात.

पॉवर अटॅकमध्ये (अटॅक घटवून नुकसान वाढवणारं फीट) ५ पॉइंट टाकले (दोन हातांच्या शस्त्राला दुप्पट) तर वार कमी लागतात, २.३, पण प्रत्येकी ४१ मधून २६ आत जातात, राउंडला ६०. निव्वळ नुकसान नवाचं वीस झालं. १० पॉइंट टाकले तर वार इतके चुकतात की आकडा परत ५० वर येतो. आणि +६ तलवार असती तर डीआर लागूच झाला नसता, आकडा थेट १०० वर. ७,२०,००० नाणी कधी वसूल होतात ते इथे दिसतं. ग्रेटर मॅजिक वेपनने काम भागत नाही, ते +५ ला थांबतं.

विझर्डच्या बाजूने: स्पेल रेझिस्टन्स ३२, कास्टर लेव्हल २१, म्हणजे ११ किंवा वर पडायला हवेत, निम्मी शक्यता. स्पेल पेनेट्रेशनची दोन्ही फीट असतील तर ७ पुरतात. मग सेव्ह. टॅरास्कचा फॉर्टिट्यूड +३८. डीसी ३० च्या स्पेलवर तो फक्त १ पडला तरच चुकतो, म्हणजे त्या वाटेला जायचंच नाही. विल +२०, तिथे तो नऊपर्यंत चुकतो, ४५ टक्के. रे, लाइन आणि कोन प्रकारची स्पेल त्याच्या पाठीवर वाया जातात आणि ३० टक्के वेळा टाकणाऱ्यावरच परत फिरतात, हे आठवणीने सांगा किंवा मुद्दाम सांगू नका, तुमच्या टेबलाच्या स्वभावाप्रमाणे.

शेवटचा धडा सगळ्यांत कामाचा. टॅरास्क उडत नाही आणि त्याला स्वतःला दुरून हल्ला करता येत नाही. कुठलाही शहाणा गट हवेत तरंगून तासभर बाण मारत बसेल. म्हणून त्याला मोकळ्या माळावर ठेवू नका. तो एका शहराकडे चाललाय आणि बारा राउंडमध्ये वेशीवर पोचतोय असं मांडा. उडणारा गट सुरक्षित राहील, शहर राहणार नाही. या लेव्हलला पात्रांचा जीव पणाला लागत नाही: ट्रू रिझरेक्शनला २५,००० चे हिरे लागतात, ९,७५,००० मधले अडीच टक्के, लेव्हलही जात नाही. पणाला लागते ती वेळ, जागा, दुसऱ्यांचे जीव, दिलेला शब्द. आणि हो, मारल्यावर विश किंवा मिरॅकल म्हणायला विसरलात तर टॅरास्क पुन्हा उठतो.

पुढचे राक्षस निवडताना हीच आकडेमोड छोट्या स्वरूपात करा. प्रत्येक खेळाडूच्या मुख्य रोलला किती पडायला हवेत ते लिहा. आकडा ४ ते १७ च्या मध्ये असेल तर ठीक. चारांपैकी दोघांचा आकडा त्याबाहेर जात असेल तर राक्षस बदला किंवा त्याच्याशेजारी दुसरं लक्ष्य ठेवा.

सहावी पायरी: टेबलावरची शिस्त

प्रत्येक पात्राचा एसी, सेव्ह आणि अटॅक तीन रकान्यांत लिहून ठेवा: अँटीमॅजिकमध्ये (जादू बंद असताना), फक्त वस्तूंसह, आणि सगळी स्पेल चढलेली असताना. कारण असं: शत्रूने एका पात्रावर ग्रेटर डिस्पेल मॅजिक टाकलं की त्याच्यावरच्या प्रत्येक स्पेलसाठी वेगळा रोल. कास्टर लेव्हल २१ च्या स्पेलला डीसी ३२, डिस्पेलचा बोनस +२० ला थांबतो, म्हणजे १२ पडायला हवेत. दहा स्पेल असतील तर दहा रोल, चार-पाच उतरणार, आणि मग एसी मोजत वीस मिनिटं. प्रत्येक स्पेलचं छोटं कार्ड करा, त्यावर त्याने मिळणारा बोनस आणि प्रकार लिहा. उतरलं की कार्ड उचलायचं.

मेजेस डिसजंक्शनबद्दल पहिल्या दिवशी करार करा. चाळीस फूट त्रिज्येच्या वर्तुळातल्या प्रत्येक जादूई वस्तूला विल सेव्ह. चुकली ती कायमची साधी. एका स्पेलमध्ये पात्राची निम्मी मालमत्ता जाते, आणि वर सगळ्या आकड्यांनी ती मालमत्ता गृहीत धरलेली असते. 'तुम्ही वापरणार नाही, आम्हीही नाही' हा करार बहुतेक गटांना मान्य होतो.

टेलिपोर्ट, स्क्राय आणि गेट बंद करायचा मोह टाळा. खेळाडूंनी वीस लेव्हल घाम गाळून ती मिळवली आहेत. त्याऐवजी खलनायकाला त्याच गोष्टी माहीत आहेत असं धरून चाला: त्याच्या मुख्य दालनावर फॉर्बिडन्स (टेलिपोर्ट अडवणारं स्पेल) असेल, बाहेरच्या तीन खोल्यांवर नसेल. गट टेलिपोर्ट करेल, पण दाराशी.

वार खूप असलेल्या राक्षसासाठी एकेक फासा टाकू नका. लागायला किती पडायला हवेत ते २१ मधून वजा करा, २० ने भागा, वारांच्या संख्येने गुणा. चाळीस वार आणि १६ हवे असतील तर दहा लागले, पुढे चला. स्वतःची पाळी आल्यावर मग पुस्तक उघडणाऱ्या खेळाडूला मागे ढकला. दोन सत्रांत सवय लागते.

किती काळ चालवायचं

बरोबरीच्या सीआरची लढाई जिंकली की चौघांच्या गटात प्रत्येकाला लेव्हल × ७५ एक्सपी मिळतात, आणि पुढच्या लेव्हलला लागतात लेव्हल × १,०००. म्हणजे लेव्हलमागे साधारण १३ लढाया, एपिकमध्येही तेवढ्याच. २१ पासून २४ पर्यंत चाळीसएक. या लेव्हलला तीन-चार तासांच्या सत्रात दोनच लढाया नीट होतात, म्हणजे वीस सत्रं. पंधरवड्याला एक धरलं तर नऊ-दहा महिने. पहिल्या एपिक मोहिमेला एवढं भरपूर. २४ व्या लेव्हलला फीट आणि ॲबिलिटीचा +१ एकदमच मिळतात, विझर्डने नुकतंच २३ व्या लेव्हलचं बोनस फीट घेतलेलं असतं, आणि सकाळी टाकायची एक-दोन एपिक स्पेल तोवर उभी राहिलेली असतात. शेवटची मोठी लढाई, हवा असेल तर तो सीआर ३० चा एट्रोपल, इथे ठेवा. एवढ्या लांब मोहिमेला वेळ नसेल तर थेट २३ व्या लेव्हलची पात्रं बनवून सहा सत्रांची छोटी मोहीम खेळा, आणि एपिक स्पेलला आधीच खर्च झालेले एक्सपी प्रत्येकाच्या हिशेबातून वजा करून घ्या.